कॉकापू: दोन हजार पौंडांत नेमके काय मिळते

इंग्लंडमधल्या कोणत्याही गावातल्या बागेत शनिवारी सकाळी तासभर बसले, तर कुरळ्या केसांची, दाढीमिशा असलेली, जर्दाळू किंवा चॉकलेटी रंगाची कुत्री समोरून इतकी जातात, की ही एखादी जुनी, प्रस्थापित जात असावी असे नवख्या माणसाला वाटेल. प्रत्यक्षात ही सगळी पूडल या कुरळ्या केसांच्या जातीच्या संकरातून जन्मलेली असतात. कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा कॉकापू, कॅव्हलिअर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि पूडल यांचा कॅव्हापू, लॅब्राडोर आणि पूडल यांचा लॅब्राडूडल, गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांचा गोल्डनडूडल. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारा ब्रिटनचा केनेल क्लब यांपैकी कोणालाही स्वतंत्र जात मानत नाही, तरीही वंशावळीच्या कागदांसह मिळणाऱ्या पिल्लाइतकी, आणि कधी कधी त्याहूनही जास्त, किंमत यांना मिळते.

आमच्या घरी मोती नावाचा कॉकापू काही वर्षांपासून आहे. त्याच्यासाठी आम्ही दोन हजार पौंड मोजले, म्हणजे दोन लाखांहून अधिक रुपये. इथे स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे कुत्रा घेण्याचा विचार करताना पहिले नाव कॉकापूचेच काढतात, आणि मोतीला पाहिल्यावर आम्हाला नेहमी तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. मोतीला गुण देण्याचा येथे हेतू नाही. तो घरातला आहे. परीक्षण आहे ते त्याला विकताना केल्या जाणाऱ्या दाव्यांचे, त्या किमतीचे आणि त्यानंतर आयुष्यभर घ्याव्या लागणाऱ्या सेवांचे.

परवानाधारक ब्रीडरकडचे, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याकडचे, कॉकापूचे पिल्लू साधारणपणे एक हजार ते अडीच हजार पौंडांना मिळते. कोविडच्या टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांची मागणी एकदम वाढली, तेव्हा किमती याच्याही वर गेल्या होत्या. रंग दुर्मीळ असेल, पिल्लू आकाराने लहान राहणार असेल किंवा चेहरा खेळण्यातल्या अस्वलासारखा गोल असेल, तर किंमत आणखी वाढते. या तिन्ही गोष्टी दिसण्याच्या आहेत, आणि माझ्या मते या बाजाराचा मूळ दोष नेमका तिथेच आहे. खरा पैसा जिथे खर्च व्हायला हवा, म्हणजे आईबापांच्या आनुवंशिक तपासण्या आणि पिल्लाचे पहिल्या आठ आठवड्यांतले संगोपन, त्याबद्दल जाहिरातीत बहुतेकदा एखादी ओळसुद्धा नसते. त्याऐवजी चार आश्वासने ठळक अक्षरांत असतात: केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही, संकरामुळे प्रकृती दणकट असते आणि मुलांमध्ये सहज मिसळतो.

ॲलर्जीच्या आश्वासनाला लोकप्रियता मिळाली ती ऑस्ट्रेलियात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्हिक्टोरिया राज्यात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन हे पैदाशीचे काम पाहत होते. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या एका अंध महिलेला असा कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांचा त्रास होत असे. कॉनरन यांनी आधी बरेच स्टँडर्ड, म्हणजे मोठ्या आकाराचे, पूडल शिकवून पाहिले. त्यांतला एकही या कामासाठी योग्य ठरला नाही. मग त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. त्या वेतात तीन पिल्ले झाली, तिन्हींचे केस आणि लाळ हवाईला पाठवण्यात आली, आणि त्या गृहस्थांना त्यांपैकी फक्त एका पिल्लाचा त्रास झाला नाही. संकरित म्हणून या पिल्लांना कोणी घ्यायला तयार होईना, तेव्हा 'लॅब्राडूडल' हे नाव पुढे करण्यात आले आणि मागणीची रांग लागली. कॉनरन यांनी पुढे मुलाखतींमध्ये या सगळ्याबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केला, कारण त्यांचे पाहून कोणतीही तपासणी न करता पूडलशी वाटेल त्या कुत्र्याचा संकर करणाऱ्यांचे पीक आले. कॉकापू त्याच्याही कितीतरी आधीपासून अमेरिकेत होता, पण आजची त्याची किंमत याच लाटेवर चढलेली आहे. पहिल्या वेतातच तीनपैकी दोन पिल्लांचा त्रास झाला होता, हे मात्र आजच्या जाहिरातींत कुठेही वाचायला मिळत नाही.

आमच्या धाकट्या मुलाला दमा आहे, त्यामुळे या आश्वासनाचा आम्ही सर्वांत कसून विचार केला. कुत्र्याच्या ॲलर्जीला कारणीभूत असणाऱ्या प्रथिनांपैकी मुख्य प्रथिन कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असते. केस हे त्याचे फक्त वाहन आहे. म्हणून केस कमी गळणारा कुत्रा आणि ॲलर्जी न होणारा कुत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूडल आणि लॅब्राडूडल यांसारख्या 'सुरक्षित' म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा उलट जास्तच आढळले. लॅब्राडूडल असलेल्या घरांतल्या जमिनीवरच्या धुळीत ते काहीसे कमी होते, पण हवेतल्या प्रमाणात जातीजातींत फरक दिसला नाही. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका अभ्यासानेही घरांतल्या धुळीची तुलना करून असाच निष्कर्ष काढला होता. तरीही लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधनानुसार, टाळेबंदीच्या काळात असे संकरित पिल्लू घेणाऱ्यांच्या निवडीमागे ॲलर्जी होणार नाही ही समजूत हे एक प्रमुख कारण होते. म्हणजे जे आश्वासन सर्वांत जास्त विकले जाते, त्यालाच आधार सर्वांत कमी आहे.

आमच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलाला आधी ओळखीच्या एका घरी, त्यांच्या कॉकापूच्या सहवासात, वेगवेगळ्या दिवशी बराच वेळ बसवले आणि त्याला फारसा त्रास होत नाही हे पाहिल्यावरच पुढचे पाऊल टाकले. आजही मोतीला मुलांच्या झोपण्याच्या खोलीत प्रवेश नाही, सतरंज्या काढून टाकल्या आहेत आणि मोतीने तोंड चाटले की मुलगा लगेच तोंड धुतो. वसंत ऋतूत परागकणांचा त्रास सुरू झाला, की त्यात मोतीचीही भर पडते आणि इनहेलर हाताशी ठेवावा लागतो. एका कॉकापूचा त्रास झाला नाही म्हणून दुसऱ्याचाही होणार नाही, असे समजण्याला काही आधार नाही, हे मी येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

केस गळत नाहीत हा दावा अर्धा खरा आहे. पिल्लाच्या जाहिरातीत एफ-वन, एफ-वन-बी, एफ-टू अशी अक्षरे असतात. कॉकर आणि पूडल यांचे थेट अपत्य म्हणजे एफ-वन, त्याचा पुन्हा पूडलशी संकर म्हणजे एफ-वन-बी, आणि दोन एफ-वन कॉकापूंचे अपत्य म्हणजे एफ-टू. तोंडावरच्या दाढीमिशा देणारे जनुक प्रभावी असल्यामुळे एफ-वन पिल्ले बहुधा तशी दिसतात, पण केस किती कुरळे होतील आणि किती गळतील हे एकाच वेतातल्या भावंडांतही सारखे नसते. एफ-टूमध्ये तर कॉकरसारख्या सपाट केसांचे, चांगलेच केस गाळणारे पिल्लूही निघू शकते. आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे बोट दाखवून 'हे अजिबात केस गाळणार नाही' अशी हमी कोणी देत असेल, तर त्या विक्रेत्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नये. मोती एफ-वन आहे. त्याचे केस सोफ्यावर क्वचितच दिसतात, आणि याबाबत आम्ही समाधानी आहोत.

परंतु जे केस गळून पडत नाहीत ते जातात कुठे, हा प्रश्न पिल्लू घेणारा माणूस विचारत नाही आणि विकणारा आपणहून सांगत नाही. गळलेला केस बाजूच्या कुरळ्या केसांत अडकून राहतो आणि त्याचा गुंता होतो. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात त्या काळात, म्हणजे साधारण सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत, हा गुंता इतक्या वेगाने वाढतो की दोन-तीन दिवस विंचरणे राहिले तरी कानांच्या मागे, काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पट्ट्याखाली जटा तयार होतात. वरवर ब्रश फिरवला तर बाहेरून कुत्रा गुबगुबीत आणि व्यवस्थित दिसतो, पण कातडीलगत केसांचा घट्ट थर जमलेला असतो. त्या अवस्थेत आंघोळ घातली तर पाण्याने तो आणखी आवळतो, खालची कातडी ओली राहते आणि चिघळते. म्हणून आधी स्लिकर ब्रशने, म्हणजे बारीक तारांच्या ब्रशने, केस थराथराने उलगडायचे, मग धातूची फणी कातडीपासून टोकापर्यंत अडथळ्याविना फिरते का हे पाहायचे आणि त्यानंतरच पाणी लावायचे, हा क्रम कधीही चुकवता येत नाही. आमच्या घरी हे काम रोज रात्री जेवणानंतर होते.

एवढे करूनही दर सहा ते आठ आठवड्यांनी व्यावसायिक ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांचे केस कापून स्वच्छता करणाऱ्याकडे, जावेच लागते. आमच्या भागात या आकाराच्या कुत्र्याचे एका वेळचे पंचेचाळीस ते सत्तर पौंड होतात. सरासरी पंचावन्न पौंड धरले तरी वर्षाला चारशेच्या आसपास खर्च येतो. कॉकापू बारा-तेरा वर्षे सहज जगतो, तेव्हा आयुष्यभराचा नुसता केसांचा खर्च पाच हजार पौंडांच्या घरात जातो, म्हणजे पिल्लाच्या मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त. पशुवैद्य, विमा, लसी, खाणे आणि प्रवासाला गेल्यावर कुत्र्याला ठेवण्याची सोय हे सगळे त्याशिवाय.

येथे ग्रूमिंगचा व्यवसाय करायला कोणताही परवाना लागत नाही, आणि याचा अनुभव आम्हाला पहिल्याच दुकानात आला. मुख्य रस्त्यावरच्या त्या देखण्या दुकानात मोतीला सकाळी सोडले आणि दुपारी न्यायला गेलो, तर पोटावरची कातडी यंत्राच्या घर्षणाने लाल झाली होती आणि कानांच्या आतले केस तसेच होते. विचारले तेव्हा 'तो फार हलत होता' एवढेच उत्तर मिळाले. पुढचे काही दिवस तो ब्रश पाहिला तरी टेबलाखाली जाऊन बसत असे.

त्यानंतर पशुवैद्यांच्या परिचारिकेने सुचवलेल्या एका बाईंकडे आम्ही जाऊ लागलो, आणि त्यांच्या सेवेला मी मनापासून पूर्ण गुण देतो. त्यांनी सिटी अँड गिल्ड्स या व्यावसायिक परीक्षा घेणाऱ्या संस्थेची या विषयातली पदविका घेतली आहे, घरामागच्या बागेतल्या खोलीत त्या एकट्या काम करतात आणि एका वेळी एकच कुत्रा घेतात. पहिल्या भेटीत त्यांनी मोतीला कात्री लावलीच नाही. टेबलावर उभे केले, यंत्राचा आवाज ऐकवला, खाऊ दिला आणि त्या भेटीचे अगदी थोडे पैसे घेतले. कॉकरचे लोंबते कान आणि पूडलच्या कानांच्या आत वाढणारे केस हे दोन्ही एकत्र आल्याने या कुत्र्यांच्या कानांत हवा खेळत नाही आणि संसर्ग लवकर होतो. त्या प्रत्येक वेळी कान हुंगून पाहतात, आणि मोतीच्या डाव्या कानाचा संसर्ग आमच्या आधी त्यांच्याच लक्षात आला होता. गुंता झालेला असेल तर तो ओढून सोडवण्याऐवजी केस बारीक कापावे लागतील, हे त्या आधीच स्पष्ट सांगतात. कुत्रा काही आठवडे वेगळा दिसेल, पण त्याला वेदना होणार नाहीत, हा त्यांचा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांच्याकडे वेळ मिळवण्यासाठी मात्र दोन महिने आधी सांगावे लागते.

प्रकृतीच्या दाव्याकडे वळायचे तर, संकरित म्हणजे निरोगी ही समजूत आपल्याकडेही रूढ आहे. दोन जातींचे दोष वेगवेगळे असतील तरच संकराचा फायदा होतो. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करून अंधत्व आणणारा एक आनुवंशिक विकार पूडलमध्येही आढळतो आणि कॉकर स्पॅनियलमध्येही, आणि दोघांत तो एकाच जनुकीय दोषामुळे होतो. आई आणि बाप दोघेही त्या दोषाचे वाहक असतील, तर संकर असूनही प्रत्येक पिल्लाला तो विकार होण्याची शक्यता चारात एक असते. ही तपासणी गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर होते आणि तिचा खर्च पिल्लाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन कॉकापू, कॅव्हापू आणि लॅब्राडूडल यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली होती. नेहमी आढळणाऱ्या विकारांच्या बाबतीत सुमारे ८७ टक्के तुलनांमध्ये काहीही फरक दिसला नाही. उरलेल्यांत कुठे संकरित वरचढ होते, तर कुठे मूळ जात. दणकट प्रकृतीसाठी जादा किंमत मोजण्याला यातून काही आधार मिळत नाही. तसेच ही कुत्री खास रोगट असतात असेही त्यातून सिद्ध होत नाही.

स्वभावाबद्दल माझी तक्रार नाही, पण पूर्वसूचना आहे. पूडल हा मुळात पाण्यात पडलेली शिकार आणून देणारा कुत्रा, आणि कॉकर झुडपांतले पक्षी उठवणारा. दोघेही तल्लख, दोघेही दिवसभर काम करण्यासाठी घडवलेले. त्यांच्या अपत्याला सोफ्यावरचे शोभेचे खेळणे समजून घरी आणले, की भुंकणे, कुरतडणे आणि एकटे राहू न शकणे या तक्रारी सुरू होतात. मोतीला सकाळ-संध्याकाळ मोकळे धावणे आणि मध्ये काहीतरी शोधण्याचे काम मिळाले, तर तो घरात अतिशय शांत आणि प्रेमळ असतो. पावसाने ते चुकले, की त्या संध्याकाळी त्याचा आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू जातो.

खरेदीच्या व्यवहारात आम्हाला दोन टोके पाहायला मिळाली. एका विक्रेत्याने संकेतस्थळावर सुंदर छायाचित्रे टाकली होती. फोनवर त्याने 'आजच विसार भरा, नाहीतर पिल्लू जाईल' अशी घाई केली, आई दाखवायला नकार दिला आणि महामार्गावरच्या गाडीतळावर पिल्लू आणून देण्याची तयारी दाखवली. हे कायद्याच्या विरुद्ध आहे. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या, लूसी या सुटका केलेल्या कॅव्हलिअर कुत्रीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार, सहा महिन्यांखालील पिल्लू मध्यस्थाने विकण्यास बंदी आहे. ते स्वतः पैदास करणाऱ्याकडून किंवा सोडून दिलेल्या प्राण्यांना घर देणाऱ्या संस्थेकडूनच घ्यावे लागते. वर्षातून तीन किंवा अधिक वेते विकणाऱ्याला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, त्या परवान्याचा क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो, पिल्लू आईसोबत दाखवावे लागते आणि ते आठ आठवड्यांचे होण्याआधी विकता येत नाही. परवान्यावर एक ते पाच अशी ताऱ्यांची श्रेणीही असते, आणि ती विचारायला संकोच करू नये.

ज्या बाईंकडून आम्ही मोतीला घेतले त्यांनी आधी आमचीच उलटतपासणी केली. घरी दिवसा कोण असते, मुलाला दमा आहे तर डॉक्टर काय म्हणतात, विंचरायचे काम कोणाकडे असेल, हे सगळे त्यांनी विचारले. मोतीची आई स्वयंपाकघरातच वावरत होती, पिल्लांना कपडे धुण्याच्या यंत्राच्या आणि मुलांच्या आवाजाची सवय झालेली होती, आणि आईबापांच्या डोळ्यांच्या तपासणीचे कागद त्यांनी न मागता समोर ठेवले. काही कारणाने कुत्रा सांभाळता आला नाही तर तो त्यांच्याकडेच परत द्यावा, अशी अट करारात लिहिली होती. दोन हजारांपैकी मोठा भाग या गोष्टींसाठी होता असे धरले, तर ती किंमत मला पटते. त्यांच्याकडे रंगानुसार भाव नव्हते, हेही सांगायला हवे.

पुण्या-मुंबईतले नातेवाईक आता कॅव्हापू आणि माल्टीपू (माल्टीज आणि पूडल यांचा संकर) यांच्या जाहिराती पाठवून सल्ला विचारतात. भारतातही २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. तेव्हा नोंदणीचा दाखला आणि पिल्लाची आई, दोन्ही प्रत्यक्ष पाहावीत. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत हे केस पावसाळाभर ओलसर राहतील आणि गुंता व कातडीचे विकार येथल्यापेक्षा जास्त होतील, हा माझा अंदाज आहे. तिथे केस बारमाही बारीक ठेवणेच योग्य.

ज्यांना या प्रकारचाच कुत्रा हवा आहे, पण एवढी रक्कम पिल्लावर घालायची नाही, त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये डूडल ट्रस्ट ही संस्था आहे. पूडलच्या संकरातून झालेल्या ज्या कुत्र्यांना मालकांनी सोडून दिले, त्यांना ती नवे घर शोधून देते. संस्थेचे शुल्क ब्रीडरच्या किमतीच्या मानाने फारच थोडे असते, मात्र घराची पाहणी होते आणि योग्य कुत्रा मिळेपर्यंत थांबावे लागते. आमच्या ओळखीच्या एका दांपत्याने अशाच प्रकारे एक प्रौढ लॅब्राडूडल दत्तक घेतला. त्याचे केस किती गळतात, तो एकटा किती वेळ राहतो आणि घरातल्या आजीला त्याच्यामुळे शिंका येतात का, हे सगळे त्यांना तो घरी येण्याआधीच पाहता आले.